काळे पतंग कुणासाठी

लेकीने घडी घातलेले वर्तमानपत्र खिडकीवर आपटले, पण पतंग कसले हाती लागतात! तिन्ही काळे किडे फडफडत पडद्याआड निसटले. संध्याकाळचा उजेड अजून होता. खाटेवर आईने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिची पाचावर धारण बसली होती.

"तुझे बाबा गेले तेव्हा असाच एक उशाशी बसला होता. काळाकुट्ट. आता तर तिघं आलेत. मला न्यायला."

"काहीतरीच बोलू नकोस."

म्हणाली खरी, पण लेकीचाही आवाज कापला. काल पहिला पतंग आला, तेव्हापासून आईने अन्नाला शिवायचे सोडले होते. औषधाची गोळीसुद्धा थुंकून टाकत होती. अशाने ती किती दिवस काढणार?

एवढ्यात एक पतंग भिरभिरत आला आणि लेकीच्या मनगटाजवळ बसला. पाठोपाठ दुसरा. तिने बाहीकडे पाहिले आणि तिला एकदम हसूच फुटले.

"अगं, माझ्या स्वेटरवर येतायत हे! प्रयोगशाळेत यांच्याच तर माद्या सांभाळते मी. मादीला पंख नसतात. कोषावर बसल्या जागी ती गंध सोडते. आपल्याला तो कळत नाही, नराला मात्र कोसभरावरून लागतो. माझा एप्रन धुवायला गेलाय ना, दोन दिवस स्वेटरवरच काम केलं. मीही वेडीच! बाह्यांना गंध लागला असणार. तुझ्यासाठी नाही गं येत, माझ्यासाठी येतायत."

आता आई हसेल, गोळी घेईल असे तिला वाटले. आई एकटक तिच्या बाहीकडे बघत होती. चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही उडाला होता.

"तुझ्यासाठी?"

"म्हणजे त्या वासासाठी गं."

ते आईच्या कानात शिरलेच नाही. आजारपणात कूस बदलायलाही हात मागणारी ती बाई, भिंत धरून उभी राहिली. लटपटत आली आणि लेकीच्या स्वेटरची बटणे ओढू लागली.

"आई, पडशील!"

"काढ आधी. काढ म्हणते ना!"

स्वेटर तिने स्वतःच्या अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणे लावली आणि खाटेवर जाऊन पडली. एक पतंग बाहीवर उतरला तसे तिने डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "आणि दार लावून घे."