रेडिएटरवरचा सडा

मागे इंजिन असलेल्या गाड्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. समोरचा वारा त्यांना मिळत नाही, मिळते ती चाकांनी उडवलेली धूळ. त्यात लक्ष्मणरावांनी असलीच एक जुनी बस भंगारातून उचलून तिचं घर केलं होतं. आत गॅसची शेगडी, दोन खाटा, देवाचा कोनाडा. घराचं दार डाव्या बाजूला पार मागे, रेडिएटरच्या जाळीला लागून.

साकोलीत माझ्या गॅरेजशेजारी ते घर महिनाभर उभं होतं. दहा किलोमीटर गेलं की तापमानाचा काटा लालवर जायचा. त्या तापाने इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, एकदा वाकून झालं होतं. पुन्हा वाकलं तर इंजिन कामातून गेलं असतं, आणि तसलं दुसरं कुठे मिळणार नव्हतं. लक्ष्मणरावांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "आता कोनी उठा म्हनलं, तं घर घेऊनच उठू." म्हणजे गाडी चालायलाच हवी होती.

मी मोठा पंखा बसवला, त्याच्याभोवती पत्र्याचा घेर केला. इंजिनाची गरम हवा फिरून जाळीत येऊ नये म्हणून फटी रबराने बुजवल्या. जाळीखाली वारा ओढायला पत्र्याचं एक रुंद तोंड लावलं आणि स्वतःवरच बेहद्द खूश झालो. तेलकट बूट घालून दिवसातून वीसदा गाडीत आत-बाहेर करायचो. लक्ष्मणरावांच्या बायको चंद्रकलाबाई माझ्यामागे फडकं घेऊन पुसत यायच्या. गाडीत एवढं काय पुसायचं, असं मला वाटायचं.

एवढं करून गाडी उकळलीच, आणि आधीपेक्षा लवकर. मी चिडून रेडिएटर उतरवला आणि बाहेरची बाजू पाहिली. धानाचा कोंडा, मेलेले किडे आणि शेण. खरवडलं तर गोवरीसारखे तुकडे पडले. पाण्याचा फवारा मारला तर असा वास सुटला की दोन दिवस जेवण गेलं नाही. मी आजूबाजूच्या सगळ्या म्हशींना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी जरा लवकर गॅरेज उघडलं. चंद्रकलाबाई दारासमोर सडा टाकत होत्या. बादलीतलं शेणपाणी हाताने फेकत होत्या, ते निम्मं जमिनीवर आणि निम्मं जिथे जाळी बसते तिथे. माझं लाडकं पत्र्याचं तोंड तर ते झेलायलाच वासलेलं.

मी लक्ष्मणरावांना गाठलं. ते खाली बघत म्हणाले, "मले मालूम होतं."

माझं डोकं फिरलं. महिनाभर मला गाडीत उगाच राबवून हा माणूस गप्प बसला होता. आता मीच जाऊन बाईंना सांगतो, म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

"नोका सांगू, टेकचंदभाऊ. गाव सुटलं तवापासून बारा वर्सं किरायाच्या खोल्यांत काढली, तिनं एक दिवस सडा टाकला नाई. म्हने, घर आपलं नाई तं सडा कायले? या गाडीसमोर टाकून राह्यली."

मी गाडीला, शेणाला, त्यांना आणि स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. मग दार होतं तिथेच ठेवलं आणि रेडिएटर उजव्या अंगाला, उंच छताजवळ नेला. नळ्या लांबवल्या. पत्र्याचं तोंड कापून भंगारात फेकलं. आठ दिवस त्यात गेले. नवव्या दिवशी पहाटेच निघून दूर लाखांदूरपर्यंत जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही.

गाडी जागेवर लागली तशा चंद्रकलाबाई बादली घेऊन उतरल्या. दारासमोर सडा टाकून झाल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, हात धुवा न घरात या. जेवूनच जा."

मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मग खाली वाकून बूट काढले. तळपायाला ओलं शेण लागलं. किळस यायची ती आलीच. पाय पुसून आत गेलो.