काळमनेचा डबा

"स्वल्प थांबा, हालू नका," प्रमोदिनी म्हणाली. "डोकं आत राहिलं तर पिकेल."

उमाकांत देशिंगकर न्हाणीघराच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकून पाठमोरा उभा होता. विजार मांडीपर्यंत गुंडाळलेली होती. गुडघ्यामागच्या लवणीत, कातडी जिथे सर्वांत मऊ असते तिथे, मोहरीएवढी एक गोचीड तोंड खुपसून बसली होती. प्रमोदिनीने चष्मा नाकावर सरकवला, चिमट्याने ती अगदी मुळाशी धरली आणि कापडातून टाचणी काढावी तशी सावकाश ओढून घेतली.

तोवरची सकाळ इतर रविवारांसारखीच गेली होती. दुधाच्या पिशव्या फाटकाच्या कडीला लटकत होत्या. बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या अरुंद गल्लीत समोरच्या वेंकटम्मांनी सडा घालून रांगोळीचे ठिपके मांडले होते. पितळी फिल्टरमधून कॉफीचा अर्क थेंब थेंब उतरत होता. उमाकांतने दाढी केली होती, कारखान्याचे शर्ट इस्त्रीसाठी वेगळे काढले होते, आणि मग अंग चोळताना त्याचा हात गुडघ्यामागे जाऊन थांबला होता.

रॉकेलच्या वाटीत पडलेली गोचीड अजून पाय हलवत होती.

"ताप येईल का हो?" प्रमोदिनीने विचारले.

"आठवड्याभरात कळेल," तो म्हणाला.

आदल्याच संध्याकाळी तो काळमनेहून परतला होता. शिमोग्यापलीकडच्या घाटातले ते कौलारू घरांचे लहानसे गाव. त्याच्या माथ्यावरच्या डोंगरावर मंडळाची मोठी सहल फेब्रुवारीअखेरीस जायची होती, आणि तिची वाट तपासून येण्याचे काम नेहमीप्रमाणे उमाकांतचे होते. बेंगळूरच्या मराठी लोकांनी चालवलेल्या गिरिचर मंडळाचा हा दंडकच होता. फार पूर्वी एक सभासद पावसाने खचलेल्या वाटेवरून घसरून कायमचा लंगडा झाला, तेव्हापासून असे ठरले की, कुणीतरी आधी ती वाट पायाखाली घालून यायचे, सर्वांसमोर उभे राहून तिची हकिगत सांगायची आणि शेवटी म्हणायचे, 'वाट चालती आहे' किंवा 'वाट बंद आहे'. त्याच्या शब्दावर चर्चा होत नसे. कारखान्यात उमाकांतला मागे टाकून त्याच्या हाताखालची माणसे पुढे गेली होती. घरात मुलगा पत्रातून आईशीच बोलत असे. पण या मंडळात उमाकांत बोलायला उभा राहिला की पन्नास माणसे गप्प होत. एकदा त्याने आडव्या पडलेल्या झाडाचे सांगितले तेव्हा कुणी हसले होते. त्या झाडाखालून सरपटत जाताना मग कुणी हसले नाही. अठरा वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. आपल्याजवळ दाखवण्यासारखे एवढेच आहे, हे त्याला ठाऊक होते.

काळमनेची वाट उत्तम होती. ओढ्यात पाणी घोट्यापर्यंत, चढावरची माती घट्ट, माथ्यावरचे गवत वाळलेले. फक्त ओढ्यापलीकडे एक मेलेले माकड पडले होते आणि त्याच्यापासून काही अंतरावर दुसरे. गावात माकडताप सुरू झाला होता. मेलेल्या माकडांच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी पाचोळ्यात पसरतात आणि सरपणाला जाणाऱ्या माणसांना धरतात, हे तिथल्या पोरांनाही माहीत होते. उमाकांत गावात पोहोचला तेव्हा फणसाच्या झाडाखाली लस टोचून घेणाऱ्यांची रांग लागली होती. बहुतेक बायकाच, पाचोळ्याच्या टोपल्या बाजूला ठेवून उकिडव्या बसलेल्या. रांग अर्धीही सरली नाही तोच सिस्टर उठली. लसीचा एक डबा संपला होता आणि दुसरा आलाच नव्हता. 'बेंगळूरहून कुणाचा तरी फोन आला, आमचा डबा मागेच राहिला,' असे ती बायकांना सांगत होती, आणि बायका टोपल्या उचलत होत्या.

त्या रांगेत तिम्मप्पाही होता. मंडळाला डोंगर दाखवायला तोच यायचा. रांगेतून उठून तो तसाच उमाकांतकडे आला आणि त्याने काठी घेतली. आज मी पुढे होतो, असे उमाकांतने म्हणून पाहिले. तिम्मप्पा हसला. 'अण्णा, वाट तुला कुठे माहीत?' म्हणाला आणि नेहमीसारखा पुढे झाला. गवत काठीने बाजूला सारत, उघड्या पोटऱ्यांनी. खाली उतरल्यावर चुलीजवळ बसून तो पोटऱ्यांवरच्या गोचिडी खुडून निखाऱ्यात टाकत होता. त्या चटचट फुटत होत्या. उमाकांतच्या वाट्याला आली ती एकच.

त्या रविवारी संध्याकाळी मंडळाची बैठक बिंदुमाधवांच्या गच्चीवरच्या खोलीत भरली. बिंदुमाधव मंडळाचे अध्यक्ष, एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, अबोलीच्या रंगाचा स्वेटर घातलेले सज्जन गृहस्थ. उप्पिट आणि केसरीभाताच्या बशा फिरत होत्या. खोलीत निम्मी तोंडे नवी होती. गेल्या दोनतीन वर्षांत पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर आलेली ही मुले, त्यांचे बूट उमाकांतच्या महिन्याच्या किराण्याहून महाग. त्यांचा म्होरक्या अजित. कामसू आणि हसतमुख पोरगा, सर्वांना हवासा. सहलीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती.

उमाकांतने उभे राहून ओढा, चढ, माथा सांगितला. मग माकडांचे सांगितले. शेवटचे वाक्य उच्चारायच्या आतच खोलीत कालवा झाला आणि तो तसाच खाली बसला.

"टेन्शन नका घेऊ, काका," अजित म्हणाला. "माकडतापाचं मला आधीच कळलं होतं. सगळं मॅनेज केलंय."

त्याने टेबलाखालून पट्ट्याचा एक निळा चौकोनी डबा वर काढून ठेवला. त्याचा मेहुणा सरकारी लसींच्या साठवणीच्या गोदामात कामाला होता. त्याने सहलीपुरती लस बाजूला काढून दिली होती. ओळखीची एक नर्स थोड्या वेळात येणार होती. आज एक टोचणी, महिन्याने दुसरी. दुसऱ्या खेपेचा डबाही सांगून ठेवला आहे, असे अजित म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग वाद सुरू झाला. पण तो डबा कुठून आला यावर नव्हता. भार्गवी नावाच्या तरतरीत मुलीने सांगितले की ती असले काही टोचून घेणार नाही. सरकारी लस, कुठे कशी बनवतात कोण जाणे, दंड चार दिवस सुजतो म्हणे. शरीराची स्वतःची ताकद असते, तिच्यावर विश्वास ठेवावा. दुसरा कुणी म्हणाला, लस न घेणाऱ्याला सहलीला नेऊच नये, तो आजारी पडला तर बाकीच्यांनी काय करायचे? त्यावर एकाने विचारले की, माकडाला कुणी लस टोचली होती का, आणि सगळे खळखळून हसले. बशीतला केसरीभात चमच्याने कापत बिंदुमाधव म्हणाले की दोन्ही बाजूंत तथ्य आहे, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे करावे. उरलेल्या लसीचे काय, असे कुणी विचारले तेव्हा अजितने खांदे उडवले. बाटली एकदा फोडली की टिकत नाही. उरेल ती टाकून द्यायची.

उमाकांतच्या बशीतले उप्पिट गार झाले होते. त्यातला कढीपत्ता त्याला पाहवेना. तुपाचा तो वास, ती हसणारी, चघळणारी तोंडे, शेजारच्याचे बोटे चाटणे, या सगळ्याची त्याला एकदम अशी शिसारी आली की त्याने बशी खाली ठेवली. ही माणसे वाईट नव्हती. वेंकटम्मांच्या नवऱ्याला रक्त हवे होते तेव्हा यातलीच चार मुले रात्रीतून आली होती. त्यामुळे तर अधिकच किळस वाटत होती.

"पण खरं सांगू का," भार्गवी म्हणाली, "आपल्याला एवढी भीती कशाला? पुढे तो तिम्मप्पा असतोच ना. जे काय चिकटायचं ते आधी त्याला चिकटतं. त्या लोकांना सवय असते."

एकदोघांनी माना डोलावल्या. हिशेब बरोबर आहे, अशा.

उमाकांत उठून टेबलाजवळ गेला. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता आणि त्यावर निळ्या पेनाने कन्नडमध्ये गावाचे नाव लिहिले होते. काळमने. अक्षर गोल, काळजीपूर्वक काढलेले. अजितला कन्नड वाचता येत नव्हते. त्याच्या लेखी तो डब्यावरचा कसला तरी कागद होता.

"हा कुठला डबा, अजित?"

"तिकडच्याच कुठल्या तरी सेंटरचा, काका. त्यांना पुढच्या महिन्यात जाईल ना. गव्हर्न्मेंटचं असंच असतं."

उमाकांत खोलीकडे वळला. खोली सवयीने शांत झाली. या शांततेसाठी अठरा वर्षे आपण डोंगर पालथे घातले, असे त्याच्या मनात येऊन गेले. ती आता शेवटची. तो नेहमीच्याच स्वरात बोलला.

"माझं सांगायचं राहिलं होतं. वाट बंद आहे."

बशांवरचे चमचे थांबले. बिंदुमाधवांनी चष्मा काढला. आताच तर ओढा घोट्याएवढा म्हणालात, माती घट्ट म्हणालात, असे ते हळूच म्हणाले.

"म्हणालो. वाट बंद आहे."

अजित त्याच्या अगदी जवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही खोटं बोलताय."

"हो."

"का पण?"

"सहल नाही म्हटल्यावर हे कुणाला लागणार नाही," उमाकांतने डब्याचा पट्टा खांद्यावर घेतला. "ज्यांचं आहे त्यांना देऊन येतो."

अजितचा चेहरा लाल झाला. आम्ही दुसरा माणूस पाठवू, तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात वाट बघून येईल, मग तुमच्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? त्या बोलण्यात धमकी नव्हती. पोराला खरोखरच वाईट वाटत होते. उमाकांत म्हणाला की, जरूर पाठवा, नवा माणूस हवाच होता. तिम्मप्पाला मात्र आता बोलावू नका. मग त्याने बिंदुमाधवांना नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, पण नजर उचलली नाही. जिना उतरताना वरून भार्गवीचा आवाज आला, "यांना झालंय काय?" आणि कुणीतरी खुर्ची सरकवली.

घरी प्रमोदिनीने फ्रिजमधली भाजी काढून डब्याला जागा केली आणि बर्फाचे साचे भरून ठेवले. सगळे ऐकून घेतल्यावर तिने ओट्यावरचे पाणी पुसले.

"तुम्हाला आता बोलावणार नाहीत ते."

"नाहीत."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या कारखान्यात काय सांगू?"

"गावाला गेलेत म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून त्याने शिमोग्याची लाल बस धरली. तुमकूर गेले, ऊन चढले. तिपटूरला बस चहासाठी थांबली तेव्हा त्याने झाकण किंचित उघडून पाहिले. घरचा बर्फ निम्म्यावर आला होता. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यावर एक माणूस गोणपाटाखालची बर्फाची लादी लाकडी ठोकळ्याने फोडत होता. उमाकांतने त्याच्याकडे थोडा बर्फ मागितला. मासे आहेत का, असे त्याने कन्नडमध्ये विचारले. औषध आहे, उमाकांत म्हणाला. कुणाचे, असे त्या माणसाने विचारले नाही. त्याने दोन ओंजळी चांगले मोठे खडे निवडून काढले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून दिली. बर्फ बाटल्यांना थेट लागू नये म्हणून उमाकांतने मध्ये आपला टॉवेल घडी करून घातला आणि झाकण दाबून बसवले.

हॉर्न वाजला. बसमध्ये त्याच्या पायाशी जागा होती, पण तिथे इंजिनाची धग येत होती. त्याने डबा मांडीवर घेतला. अर्सिकेरे येईपर्यंत त्याच्या मांड्या गारठून बधिर झाल्या. त्याने डबा खाली ठेवला नाही.