शेणातली देमित्रा

"तिला कुठं घेऊन चाललात?" गारिफालिया काकू मूर्ती चढवलेल्या ट्रकच्या चाकासमोर उभी होती. हातात शेणाची पाटी तशीच.

अथेन्सहून आलेला सरकारी साहेब घाम पुसत म्हणाला, "संग्रहालयात. आजी, ही जुन्या ग्रीकांची धान्यदेवी आहे, धरणीमाता. आणि तुम्ही तिला शेणात पुरून ठेवलीत!"

"पुरलं नाही, जेवू घातलं. तुझ्या आईनं काय अत्तर पिऊन तुला दूध पाजलं होतं?"

आम्ही बायका खुदकन हसलो. साहेब हसला नाही.

खळ्याच्या कडेला ती मूर्ती कुणाच्याही आठवणीच्या आधीपासून होती. नाक झिजलेलं, डोक्यावर दगडी टोपली. आम्ही तिला संत देमित्रा म्हणायचो. चर्चमध्ये अशी कुणी संत नाही, हे पाद्री लुकासना ठाऊक होतं. पण पेरणीआधी त्यांच्या खेचराची लीदही तिच्याच भोवती पडायची, तेव्हा ते गप्प बसत. देमित्राच्या गळ्यापर्यंत शेण रचलं की गहू पिकतो, नाही रचलं तर रान रुसतं. हा मान काकूच्या घराण्याचा. नवरा युद्धात गेला, मुलगा जर्मनीला कारखान्यात गेला, तरी काकूची एक पेरणी चुकली नव्हती.

आणि मूर्ती दाखवलीही तिनंच. देवीचं तोंड बघायचंय, असं साहेब पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला. काकूनं त्याला बशीत द्राक्षांचा मुरंबा दिला, गार पाणी दिलं, मग स्वतःच्या हातांनी शेण बाजूला सारून तो चेहरा धुतला. दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. तोच पाहुणा ट्रक घेऊन परत आला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

साहेबाबरोबरच्या पोलिसानं काकूला दंडाला धरून बाजूला केलं. आमचे मर्द कॉफीच्या दुकानात मिश्यांना पीळ देत बसले होते. एकही उठला नाही.

पेरणी तोंडावर आली तशी काकू मला म्हणाली, "चल गं, जाऊन येऊ." बसमध्ये तिच्या मांडीवर एक पुरचुंडी होती. कसली, ते सगळ्या बसला वासावरून कळलं.

संग्रहालयात देमित्रा चौथऱ्यावर उभी होती. घासून घासून पांढरीफटक केलेली, खाली चकचकीत फरशी.

"दोरीच्या आत यायचं नाही," रखवालदार ओरडला. "आणि हा वास कसला?"

"माझ्या गाईचा. मूठभर ठेवते रे पायाशी, पेरणी आलीय."

"वेड लागलंय का, बाई? रोज ओल्या फडक्यानं पुसतो मी तिला. आणखी काय पाहिजे?"

काकूनं पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मला रडू फुटत होतं, रागानं.

गावात बस थांबली तेव्हा सगळ्या बायका वाट बघत होत्या.

"कशी आहे गं आपली देमित्रा?"

"उपाशी आहे," काकू म्हणाली, आणि पुरचुंडी तशीच घेऊन गोठ्याकडे वळली.