उसवलेल्या माश्या

एक मार्चला नदीवरची मासेमारीची बंदी उठणार होती. फेब्रुवारीची वीस तारीख उलटली तरी आमच्या डबीत माशांना फसवायला गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली एकही खोटी माशी नव्हती. बांधत मी होते आणि उसवत माझा नवरा होता.

इसाकु त्यांचं नाव. चाळीस वर्षं त्यांनी या खोऱ्यातल्या बर्फाळ पाण्यात उभं राहून ट्राउट मासे धरले आणि वरच्या गरम कुंडाशेजारच्या हिसानोबाईंच्या अतिथिगृहाला पुरवले. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेली. डॉक्टरांच्या खोलीत ते एकटेच गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अंगठा तेवढा झोपलाय. बाकी ठणठणीत." झोपलेल्या अंगठ्याने माशी बांधता येत नाही, म्हणून नववर्षाचे मोची, म्हणजे तांदळाचे चिकट लाडू, संपल्या संपल्या हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी ते आनंदाने घेतलं, खोटं कशाला सांगू! नोव्हेंबरपासून हा माणूस कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, गोधडीत पाय घालून बसला होता आणि बसल्या जागेवरून माझा संसार चालवत होता. सलगमाच्या लोणच्यावर दगड हलका ठेवलास, मिसोचं सार जास्त उकळलंस, दार सरकवताना आवाज केलास. मला माझा जुना नवरा परत हवा होता. पहाटे निघून जाणारा, संध्याकाळी ओल्या कपड्यांनी येणारा, आणि दमून गप्प बसणारा. त्यासाठी तीस माश्या बांधायच्या, एवढंच ना?

एवढंच! आमच्या गळाला दोरी ओवायला भोक नसतं, आधी रेशमाचा इवलासा फास बांधावा लागतो. डाव्या हाताच्या चिमटीत गळ, दातांत दोऱ्याचं टोक. माशीच्या अंगाला नेच्याच्या कोंबावरची तपकिरी लव, तीही मीच वसंतात डोंगरावरून खुडून आणलेली. मग कोंबड्याच्या मानेचं पीस, वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखं पुढे झुकलेलं. एका माशीला अर्धा तास जायचा आणि बोटाला दोन भोकं पडायची. बांधून झाली की मी ती त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते ती खिडकीकडे धरायचे, फिरवायचे, आणि नाक फेंदारायचे.

"अगं, हे काय? लग्नाला निघाल्यासारखी नटलीय."

"मग? माशाला काय विधवा हवी?"

"पिसाचे वेढे पाच. तू सहा घेतलेस."

"पाचच घेतले. मोजा."

ते मोजायचे नाहीत. डाव्या हाताने कात्री घ्यायचे, गाठ कापायचे आणि दोरा ओढायचे. पीस एकीकडे, लव दुसरीकडे, आणि मोकळा गळ माझ्यापुढे. "पुन्हा."

कधी अंग जाड, कधी बारीक. कधी फास वाकडा. एकदा तर म्हणाले, "हिच्यात जीवच नाही." मी म्हटलं, "माझ्यातही राहिलेला नाही. या नदीच्या पायी मरेन एक दिवस. तुम्ही एकदाचे जा बाबा नदीवर आणि मला मोकळं करा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन माश्या उसवल्या.

शेजारची किनु वाटीभर काळे उडीद द्यायला आली, तिने मेजावरची माशी पाहिली आणि म्हणाली, "इसाकुदादांची ना? बोटं सुधारली वाटतं!" मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "किनुला सलगम आणि मुळ्यातला फरक कळत नाही." किनु गेल्यावर ती माशीही उसवली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, यांना एकदा चांगलं तोंडावर पाडायचं.

आमच्या गावात प्रत्येकाची माशी ओळखू येते. काठच्या फांदीत अडकलेली एखादी माशी सापडली, तर सापडणारा कुणाची म्हणून विचारत नाही, सरळ मालकाच्या दारात नेऊन खोचतो. लहान पोरंही चुकत नाहीत, मग ज्याने ती बांधली त्याची तर गोष्टच सोडा. त्यांच्या जुन्या गवती टोपीच्या आत त्यांनीच बांधलेली एक माशी टोचलेली होती. ती मी काढली, वाफेवर धरून पिसं सरळ केली आणि दुपारी, अर्धा तास खोटंखोटं खुडबुड करून, त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती खिडकीकडे धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मी आतून उकळत होते, हसूही येत होतं.

"अंग जाड झालं," ते म्हणाले आणि कात्री उचलली.

"थांबा!" मी म्हणेपर्यंत गाठ कापली होती. दोरा सुटला, पीस गोधडीवर पडलं.

"अहो, ती तुमची होती! तुमच्या टोपीतली! कुणाच्या बांधणीला नावं ठेवलीत? स्वतःच्या!" मी टाळीसुद्धा वाजवली. एवढ्या दिवसांचा राग एका टाळीत निघाला.

ते उसवलेल्या दोऱ्याकडे बघत बसले. चिडले नाहीत. मग मात्र मी टाळीचे हात खाली घेतले. चाळीस वर्षांची स्वतःची माशी या माणसाला ओळखू आली नाही, म्हणजे डोळे गेले की डोकं?

"खरंच ओळखली नाहीत?" मी हळूच विचारलं.

"हातावर ठेवलीस तेव्हाच ओळखली."

"मग कापलीत का?"

त्यांनी गोधडीतून उजवा पाय बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हाही झोपलाय," ते म्हणाले. "पाण्यातला दगड कळत नाही. सप्टेंबरात वरच्या डोहाशी पडलो. तुला म्हटलं होतं वर पाऊस होता म्हणून भिजलो."

ते कपडे मीच पिळून शेगडीवर वाळवले होते.

"डॉक्टरांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच सांगितलं, पाण्यात उतरायचं नाही."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? माझ्या बोटांची चाळण झाली! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"डबी भरली असती तर तू म्हणाली असतीस, जा आता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "रोज म्हणत होतीस. जा बाबा नदीवर, मला मोकळं कर."

मला रडू आलं नाही. राग होता तो तसाच होता, फक्त आता तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी गोधडीवरचं पीस उचललं आणि उगाच सरळ करत बसले.

"माझ्या एवढ्या माश्यांत एकही बरी नव्हती?" शेवटी मी विचारलं.

"सातवीपासून पुढच्या सगळ्या बऱ्या होत्या."

सातवी मी जानेवारीच्या मध्याला बांधली होती.

"हिसानोबाईंना कळवायला हवं," ते म्हणाले. "तू सांग."

"मी का? तुम्हीच सांगा."

ते मेजाला धरून उठले आणि ओसरीतल्या टेलिफोनपर्यंत गेले. आता मला दिसलं, उजवं पाऊल ते आधी चाचपून मग टेकवत होते. सगळा हिवाळा माझ्या डोळ्यांसमोर ते तसेच चालले असणार.

"हो, इसाकु बोलतोय. यंदापासून मासे नाहीत. नाही, कायमचेच." पलीकडून हिसानोबाई बराच वेळ बोलल्या. "नाही नाही, माश्यांची अडचण नाही. घरी बांधल्या आहेत ना, बायकोने. उत्तम आहेत. माझ्यापेक्षा बऱ्या."

माझ्यापुढे मेजावर उघडे गळ पडले होते. त्यांतल्या एकावरही माशी नव्हती.