बॅग अर्धा किलो हलकी

बस रे इथं. चहा संपेपर्यंत तुला एक गोष्ट सांगतो, आपल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या चंद्रभागेची. बाईचा संशय म्हणजे मांजरीचं नाक, आणि हात त्याच्याहून पक्का. तीस वर्षं मासळी विकली. पापलेट तळहातावर घेतलं की वजन तोंडातून बाहेर. काटा नुसता गिऱ्हाइकाच्या समाधानाला.

तिचा पोरगा यज्ञेश. माजिवड्याच्या एका ऑफिसात कोल्ड स्टोरेजचे थ्रीडी नकाशे बनवतो आणि गावोगाव जाऊन पार्टीला दाखवतो. मागे पुण्यात हलक्या लॅपटॉपवर नकाशा असा अडकला की पार्टी चहा पिऊन उठून गेली. मग ऑफिसने दुसरा दिला. मशीन जबरदस्त, पण त्यापेक्षा पाटा-वरवंटा परवडला. वर त्याचा चार्जर, भट्टीतली वीट जशी. साहेब बोललेला, "नाशिकची ऑर्डर आणलीस तर पर्मनंट. नायतर महिनाअखेर रामराम."

त्या घरची एक पद्धत. होडी निघाली की जाणाऱ्याचं सामान घरातल्या बाईने उंबऱ्याबाहेर काढून द्यायचं. होडी कधीच विकली, पद्धत राहिली. यज्ञेशची बॅग रोज आयेच्याच हातून बाहेर जाते.

नाशिकला जायच्या सकाळी तिने बॅग उचलली आणि तिथंच थबकली.

"यज्ञेश, ही हलकी हाय."

"आये, उशीर होतोय."

"अर्ध्या किलोच्या वर कमी हाय. उघड."

त्याने चेन ओढली. लॅपटॉप जागेवर, कप्प्यात काळी वायर. "बघ, सगळं आहे. लॅपटॉप काय सुरमई वाटली तुला, बर्फ वितळला नि वजन घटलं?"

हसत गेला तो. चंद्रभागा नाय हसली. तिने मान वळवली, तर सून रसिका ओट्याशी उभी राहून ओटा पुसतेय. आधीच पुसलेला ओटा.

झालं. बाईला आदली संध्याकाळ आठवली. रसिकाचा भाऊ सुशांत येऊन गेलेला. त्याचं डोंबिवलीला मोबाईल रिपेरिंगचं दुकान. तो गेल्यावर ही गॅलरीत फोनवर, हळू आवाजात, "यांना कळू देऊ नकोस हां. जड आहे तेवढं मी काढून घेते."

आणि बाजारात तर चंद्रभागेने ऐकलेलंच होतं, हे रिपेरिंगवाले मशीनचं चांगलं आतडं काढतात आणि फालतू भरून देतात. आपल्या घरातलंच मशीन फाडलं की काय!

"सूनबाय, तुझा भाव काल कशाला आलता गो?"

"सहजच. ढोकळा घेऊन."

"मला नाय दिसला ढोकळा."

"संपला." रसिकाने फडका पिळला. "आई, आज बाजारात नाही जायचं तुम्हाला?"

ही मला घरातून काढायला बघतेय, चंद्रभागेने मनात गाठ मारली. "नाय जात आज. भात मीच टाकते."

"नको!" रसिका अशी ओरडली की खिडकीतला कावळा उडाला.

चंद्रभागेने तांदळाचा डबा ओढला, उचलला. काल तळाला टेकलेला डबा आज किलोभर जड. तांदूळ काय रात्रीत पिल्लं घालतो? कोपरापर्यंत हात घातला, तर बाहेर आली वीट. काळी, वायर गुंडाळलेली.

रसिका रडायलाच लागली. "त्यांच्या खांद्यावर वळ उठलेत, आई. झोपेत कुशीवर वळता येत नाही. ऑफिसात सांगत नाहीत, पर्मनंट व्हायचंय ना. सुशांतने छोटा चार्जर दिला, बोलला चालतो. बॅगेतली वायर त्याचीच."

"लाव त्याला फोन."

सुशांत तिकडून बोलला, "चालतो म्हणजे मावशी, मेल-बिल बघायला चालतो. मोठा नकाशा फिरवायचा असला तर मशीन दम टाकणार. नकाशाचं ताई बोललीच नाय मला."

"मेल्या, ट्रॉलरच्या इंजिनात स्टोव्हभर रॉकेल ओतलंस तू!" फोन ठेवला आणि खुंटीवरची चुंबळ, तीच पाटीखाली डोक्यावर ठेवायची, काखेला मारली. "उठ गो. चप्पल घाल."

रिक्षात वीट मांडीवर घेऊन बसली होती. यज्ञेश फोन उचलेना. साहेबाची गाडी माजिवड्याहून त्याला घेणार होती, ती गेली असली तर? रसिकाने तर डोळेच मिटून घेतले.

माजिवड्याच्या पुलाखाली पोरगा उभा. साहेबाची गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. पहिल्यांदाच त्या ट्रॅफिकला कुणी हात जोडले असतील.

चंद्रभागेने चार्जर त्याच्या हातात ठेवला. "आये, हा कुठे होता?"

चंद्रभागेने मागे बघितलं. रसिका रिक्षातच, ओढणीचं टोक दातात.

"मीच काढला. साहेबाला सुक्या कोळंबीची, सोड्यांची पुडी ठेवत होते, जागा होईना."

"आणि वर मलाच बोललीस, हलकी आहे?"

"विसरले."

"सोडे कुठायत?"

"ते पण विसरले."

त्याने डोळे बारीक केले. शेवटी आयेचाच पोरगा. पण तिने बोलायला जागाच ठेवली नाही. चुंबळ उलगडली, चपटी केली आणि बॅगेच्या पट्ट्याखाली त्याच्या खांद्यावर दाबून बसवली. "तीस किलोची पाटी नेली मी हिच्यावर. लाजायचं नाय. रोज लाव."

नाशिकला नकाशा कसा गरागरा फिरला म्हणतोस! पार्टीने तिथंच हात मिळवला. पत्र आलं, पोरगा पर्मनंट झाला. खांद्याचे वळही उतरलेत.

पण त्याच्या डोक्यातून ते सोडे काय उतरत नाहीत. भेटेल त्याला विचारतो, आदल्या दिवशी आमच्याकडे कोण आलेलं रे? सासू गप्प, सून गप्प. दोघी आता एका ताटात जेवतात, त्याचाही त्याला संशय.

तो आत्ता येईल इथं चहाला. खांद्यावर चुंबळ असेल, ओळखशीलच. तुला विचारलंन ना, तर माझ्यासाठी एवढं कर बाबा. सोड्यांचंच सांग.