देव्हाऱ्यातला रेडिओ

रनाळ्याच्या धुडकूने पोत्यातून तारांचा सांगाडा काढून फळीवर ठेवला, तेव्हा जब्बारच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. १९५९ सालच्या नंदुरबारात रेडिओ दुरुस्त करावा तर जब्बारनेच. बिघडलेले रेडिओ त्याने ढिगाने पाहिले होते, नागडा मात्र हा पहिलाच.

"पेटी कोठे शे?"

"भाऊकडे."

"आणि स्पीकर?"

"पेटीमाच शे," धुडकू जमिनीकडे बघत म्हणाला.

चार वर्षांपूर्वी धुडकू आणि त्याचा थोरला भाऊ रूपचंद वेगळे झाले. घरात मधोमध भिंत आली. शेत वाटलं, बैल वाटले, पण वडिलांनी सुरतेहून आणलेल्या रेडिओपाशी घोडं अडलं. शेवटी पंचांनी वैतागून पेटी, तिला ठोकलेल्या स्पीकरसकट, थोरल्याला आणि आतला बाकी माल धाकट्याला देऊन टाकला. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं नाही.

जब्बारने उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या, सांधे घासून डाख दिला. तीन व्हॉल्व धड निघाले. चौथा त्याने मोडीतल्या एका सेटमधून काढून बसवला. दुकानातला स्पीकर जोडताच सांगाडा आधी खाकरला आणि मग चक्क बोलायला लागला! आता अख्खा रेडिओ जोडल्याशिवाय जब्बारला चैन पडेना. नवी बॅटरी काखोटीला मारून तो धुडकूबरोबर रनाळ्याला निघाला.

रूपचंदच्या घरात पेटी होती, पण त्याच्या बायकोने, रुक्मिणीबाईने, तिचा देव्हारा केला होता. स्पीकरच्या जाळीपुढे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा झेंडूची फुलं लेवून बसले होते.

"मन्हा देव आठून हालाव नहीत," रुक्मिणीबाईने निक्षून सांगितलं.

"नका हालवू, वहिनी. मी फक्त एक तार आणतो."

जब्बारने मधल्या भिंतीला भोक पाडलं. सांगाडा आणि बॅटरी धुडकूच्या घरात ठेवली, स्पीकरची तार भिंतीतून देव्हाऱ्यात नेली. धुडकूने बटण फिरवलं. त्याच्या घरात भिंतीतून नुसती घरघर आली, शब्द एकही कळेना. पलीकडून मात्र रुक्मिणीबाईची किंकाळी आली.

"जब्बारभाई! देव कापूसना भाव सांगी ऱ्हायनात!"

आवाज इतका मोठा होता की अन्नपूर्णेच्या डोक्यावरचं फूल गळून पडलं. रूपचंद कान झाकून इकडेतिकडे बघू लागला. बटणं सगळी भिंतीपलीकडे. दोनदा त्याने ओठ दाबले, मग न राहवून ओरडला, "धुडकू, आवाज कमी कर रे!"

भिंतीपलीकडे धुडकूचा हात बटणावर गेला. मग प्रश्न आला, "कितला?"

"आखो थोडा... आखो... बस, ऱ्हाऊ दे!"

चार वर्षांत दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं. जब्बार हसू लपवायला पिशवीत पकड शोधत बसला.

आठवडाभर आळीला हीच करमणूक होती. मग ऐकायला धड काहीच मिळत नाही म्हणून कंटाळलेला धुडकू एका संध्याकाळी भावाच्या ओसरीवर येऊन बसला, तर तिकडे बटण फिरवायला कोणी उरलं नाही. दुसऱ्याच दिवशी रुक्मिणीबाईने देव उचलून कोनाड्यात मांडले. "त्यासले सकायमा निवांत लागस," ती म्हणाली आणि जब्बारला बोलावणं धाडलं.

जब्बारने सांगाडा पेटीत बसवून शेवटचा स्क्रू आवळला. कोणतं स्टेशन लावायचं यावरून दोघा भावांची तोवर जुंपलीसुद्धा होती.

"भांडा," जब्बार म्हणाला, "पण बटण तोडू नका," आणि रुक्मिणीबाईने वाढलेल्या ताटावर जेवायला बसला.