दोन पायऱ्या खालचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण शाळेतला नव्हे. पाढे माझ्या कानावर कधी पडले नाहीत. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलात की फरसबंद अंगण लागते. त्याच्या कडेला लिंबाचे झाड आहे आणि झाडाखाली मी आहे.

मला घडवणारा सुतार नव्हता, बसचा ड्रायव्हर होता. एका गोदामाचे मोडके सागवानी दार त्याने डोक्यावरून घरी आणले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दार आणलंत, आता त्याला साजेसं घरही आणा!" तो नुसता हसला. सुट्टीचे नऊ दिवस खपून त्याने मला उभे केले. दोनदा अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, पण माझा एकही खिळा वाकडा गेला नाही.

थंडी ओसरली की दरवर्षी दोघे मिळून उन्हाळ्याची तयारी करत. तो काथ्याच्या ब्रशने फरशीवरचे शेवाळ घासायचा, ती मोरीच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा काढायची. मग सावलीचे कापड ताणून बांधले जाई. शेवटी मला उलटे करून, घासूनपुसून, जवसाचे तेल पाजत. ते अंगात मुरताना जे सुख वाटे, ते काय सांगू!

संध्याकाळी ड्रायव्हर कामावरून येऊन माझ्यावर बसायचा. "दिवसभर बसूनच तर असता, आणखी काय बसता?" बायको चिडवायची. "ते बसणं वेगळं, हे वेगळं," तो म्हणायचा. त्यांच्या लेकीने पहिली अक्षरे माझ्यावर पाटी टेकवूनच गिरवली.

पुढे ती माउली आजारी पडली आणि गेली. ड्रायव्हर तोवर निवृत्त झाला होता. त्याने मला ताडपत्रीने झाकले, दोरीने घट्ट बांधले आणि मागचे दार लावून घेतले. मी खराब होऊ नये हाच त्याचा हेतू होता. पण मित्रांनो, त्या ताडपत्रीखाली ओल साचली. वारा नाही, ऊन नाही. दोन वर्षांत माझा एक पाय आतून भुसभुशीत झाला.

मग ड्रायव्हर न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि त्याच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन छान झाले. डॉक्टरांनी सांगितले, "आता चालायचं." पण तो पलंग सोडीना. वॉकर उशाशी उभा राहिला आणि त्यावर टॉवेल वाळू लागले.

लेक नर्स होती. ती रजा काढून आली. "सगळ्या वॉर्डाला चालवते मी, आणि घरचाच पेशंट हलत नाही," ती मदतीला आलेल्या आत्याला सांगत होती. उन्हाळा तोंडावर आला होता. दुपारी बाबांची खोली भट्टीसारखी तापणार, हे तिला ठाऊक होते. निदान संध्याकाळी तरी त्यांना झाडाखाली बसता यावे म्हणून तिने अंगण साफ करायला घेतले.

"बाबा, सुरुवात कशापासून करू?" तिने विचारले.

"तुला हवं ते कर. मला काय करायचंय अंगण!" ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

पाचोळ्याची तीन पोती निघाली. पाण्याच्या पाइपला चार भोके होती, ती चिकटपट्टीने बुजवली. मग माझ्यावरची ताडपत्री निघाली आणि आतून गांधीलमाश्यांचे घरटे पडले. ते रिकामेच होते, पण आत्या ओरडत स्वयंपाकघरापर्यंत पळाल्या.

"आत्या, गुडघे दुखतात ना तुझे?"

"जीव वाचवताना नाही दुखत!"

हसू ओसरल्यावर आत्यांनी माझ्या पायाला बोट लावले. लाकडाचा भुगा पडला. "हा गेला गं. भंगारात दे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आण."

माझ्या काळजाचे पाणी झाले. लेक उठून आत गेली. थोड्या वेळाने ती पॉलिश पेपर घेऊन आली आणि मला बाबांच्या खिडकीखाली ओढून नेऊन घासू लागली. हात मायेचा होता, पण घासत होती आडवे. अंगभर ओरखडे उठत होते. मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो!

खिडकीतून आवाज आला, "अगं, उलटं घासतेस! लाकडाच्या रेघा बघ जरा!"

"असं घासू का, बाबा?"

"नाही!"

"मग असं?"

"अरे देवा! थांब. हात लावू नकोस. आलो."

आत टॉवेल खाली पडल्याचा आवाज झाला. मग टक, टक, टक. मागच्या दारात ड्रायव्हर वॉकर धरून उभा राहिला. समोर दोन पायऱ्या होत्या.

"जमणार नाही गं मला," तो हळूच म्हणाला.

लेक खालच्या बाजूला, त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "आधी वॉकर खाली. मग दुखरा पाय. मग चांगला. मी आहे."

दुसरी पायरी उतरेपर्यंत आत्यांनी आणलेला चहा गार झाला. तोच चहा त्याने स्वयंपाकघरातून अंगणात आणलेल्या खुर्चीवर बसून मिटक्या मारत प्यायला.

पुढचे चार दिवस तो सांगत होता आणि दोघी करत होत्या. "बैठक उंच हवी, बाबा. तुम्हाला खाली वाकून बसायचं नाही," लेक म्हणाली. माझे चारही पाय बदलले आणि मी वीतभर उंच झालो.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. "तिच्या मापाने बुटका केला होता मी," तो म्हणाला. "आता तिचे पाय लोंबकळले असते." एवढे बोलून तो रडला. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. आत्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता उन्हाळा भरात आहे. ऊन कलले की तो पायऱ्या उतरून येतो. परवा तर वॉकरऐवजी काठी होती.

मित्रांनो, तुमच्या अंगणातही माझ्यासारखे कोणी असेल. ऊन तापण्याआधी त्याला एकदा उलटे करून बघा. सैल झाले असेल तर ठोका, कोरडे पडले असेल तर तेल द्या. आणि हे सगळे झाल्यावर, कृपा करून, त्याच्यावर बसा.